सोमवारी, राजबंदरला

लेणी सोमवारी बंद असतात,
म्हणून मी सोमवार निवडला.
पर्यटकांची लाँच नव्हती. गावची एक निघत होती,
तांदळाची पोती, गॅसचे दोन सिलिंडर, एक शिवणयंत्र
आणि मी.
तांडेल चिंतामण भोईर. त्याचा बाप आमच्या गोदीत मुकादम.
"तुम्ही टॅलीवाले रणदिवे ना?" म्हणाला,
आणि तिकीट घेतलं नाही.

छत्तीस वर्षं हे बेट समोर होतं.
शेडच्या दारातून दिसायचं : दोन टेकड्या, मधे खळगा,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या गादीसारखा.
कधी आलो नाही.
समोरच्या घरी माणूस सणालाही जात नाही.
माझं काम मोजण्याचं.
नग किती उतरले, किती फुटले,
कुठल्या जहाजातून, कुणाच्या नावावर.
मग कंटेनर आले, न उघडताच पुढे जाऊ लागले,
आणि मोजायला काही उरलं नाही.

कुठल्याशा शिलालेखात एक पुरी आहे म्हणतात,
पश्चिम समुद्राची लक्ष्मी.
शेकडो नावांनी वेढून कुणी राजाने ती घेतली.
ती पुरी म्हणजेच ही घारापुरी, असं काही विद्वान सांगतात.
बाकीचे विद्वान मान हलवतात.
मी पेन्शनर. मला दोन्ही चालतं.

राजधानीला एक वाट आहे, दीड माणूस रुंद.
समोरून बकरी आली तर राजधानी थांबते.
विजेचे खांब अजून नवे दिसतात, पाहुण्यासारखे अवघडून उभे.
एक विहीर. एक कुलूप, त्यामागे शाळा.
खारफुटीत ओहोटीचा चिखल,
आणि चिखलात बसलेली एक होडी,
तिच्या पोटात कुणीतरी मिरच्या लावलेल्या.

जवळा वाळत घातलेल्या प्लास्टिकशेजारी
धर्मीबाई बसली होती.
"लेनी बंद हान आज."
म्हटलं, ठाऊक आहे. बंदर बघायला आलोय.
तिने चिखलाकडे हात केला,
कुणाला घर दाखवावं तसा.
मग पाण्यापलीकडे : न्हावाशेवा,
क्रेनांची रांग, बगळ्यांहून उंच.
"तिसरी निळी दिसतंय ना? माजा पोर हय तिच्यावर."
छत्तीस वर्षांत मी एवढं मोठं जहाज पाहिलं नव्हतं.
त्यातून एकेक पेटी निघत होती,
कुणी हाक मारत नव्हतं, कुणी खडूने खूण करत नव्हतं.
मला राग यायला हवा होता.
मी तिसरी निळी क्रेन शोधत राहिलो,
आणि सापडल्यावर मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी.

कोंबड्यांचं पाणी होतं एका खापरात.
जाड, लालसर, रांजणाच्या गळ्याचा तुकडा,
कानाची अर्धी मूठ शिल्लक.
"ओहोटीला निंगतान असले," ती म्हणाली.
"कुनी कुनी आल्ते, पिशवीन भरून नेले."
पाणी ओतून मी तो उलटा केला.
आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटाचा ओघळ,
चाकावर ओलं असताना उमटलेला.
माझं बोट त्यात बसेना. माझं जाड आहे,
किंवा तो पोरगेलासा असेल,
कुठल्या समुद्राच्या कुठल्या काठावरचा, कुणास ठाऊक.
तेल असेल त्यात, दारू असेल,
मासळीचं आंबवणही असू शकेल.

खिशात पेन्सिल असतेच. सवय.
तिकिटाचा कागद नव्हता, औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं :
नग एक. फुटका.
जहाजाचं नाव...
तिथे हात थांबला.
मालकाच्या रकान्यापाशीही थांबला.

"रणदिवे! भरती लागली!" धक्क्यावरून चिंतामण.
धर्मीबाई माझ्याकडे बघत होती,
कोंबडीही.
एका पायावर, मान तिरपी करून,
कस्टमच्या साहेबासारखी.

मी खापर सुलटं ठेवलं.
कळशीतून पाणी ओतलं.
कोंबडीने चोच बुडवली, वर केली,
आणि पुन्हा बुडवली.